मेलबर्न १९५६ : चौथ्या क्रमांकाचा हिशेब

मंडळी, आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धांत हमखास घडणारी एक गोष्ट आहे. पहिल्या फेरीत समोरचा संघ येतच नाही. कुठे गाडी चुकते, कुठे परीक्षा असते. आपल्या पोरांना पुढे चाल मिळते. मग तीच पोरं उपांत्य फेरीपर्यंत गेली की गावात म्हणतात, "नशिबानं गेले बाप्पा!" आज हे वाक्य तपासायचं आहे. त्यासाठी आपल्या देशाच्या संघाची गोष्ट घेऊ.

१९४८ साली स्वतंत्र भारताचा संघ लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. कप्तान होते डॉ. टी. आओ, तेव्हा कलकत्त्याला वैद्यकीचे विद्यार्थी. बहुतेक खेळाडू अनवाणी. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि अगदी शेवटी गोल खाऊन १-२ असे हरले. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्ण. लोक हुरळले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं १०-१ अशी धूळ चारली. दहा गोल! त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

दिल्ली आणि हेलसिंकी, दोन्हीकडे प्रशिक्षक एकच, सय्यद अब्दुल रहीम. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशानं शिक्षक. मुंबईच्या रोव्हर्स चषकात त्यांचा हैदराबाद पोलीस संघ १९५० ते ५४ अशी ओळीनं पाच वर्षं जिंकला. हा माणूस सरावासाठी अशा स्पर्धा भरवायचा की खेळाडूनं आपल्या दुबळ्या पायानंच खेळायचं. शिकवण्याचा धंदा ज्यांनी केला आहे त्यांना यातली मेख कळेल. विद्यार्थ्याला जे येतं तेच तो पुन्हा पुन्हा करून दाखवतो. त्याला जे येत नाही तिथे त्याला नेणं, हे काम मास्तरचं.

आता १९५६. या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. रहीमसाहेबांचं हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपला बुलढाणा जिल्हाही, शेगावसकट, मध्य प्रदेशातून निघून त्याच राज्यात आला. तीन आठवड्यांनी मेलबर्नला ऑलिंपिक सुरू झालं. त्या संघाचा आघाडीवीर नेव्हिल डिसोझा मुंबईचा, टाटांकडून खेळणारा. म्हणजे नकाशाच्या हिशेबानं तो तेव्हा आपल्याच राज्याचा. मूळ मात्र गोव्याचं, आणि गोव्यावर अजून पोर्तुगीजांचा झेंडा. असो.

पहिल्या फेरीत गाठ होती हंगेरीशी, म्हणजे आधीच्या ऑलिंपिकच्या विजेत्यांशी. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले होते. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. तिकडे रस्त्यावर माणसं मरत होती म्हणून इकडे आपण एक फेरी पुढे गेलो. हे मान्य करूनच बोललं पाहिजे. ते लपवणारा इतिहास मला प्रामाणिक वाटत नाही.

पण पुढे बघा. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. नेव्हिलचे तीन गोल, चौथा किट्टूचा. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया! उत्तरार्धात नेव्हिलनं पहिला गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला. पंधरा मिनिटांच्या आत त्यांनी तीन गोल फेडले, शेवट १-४. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३. पदक नाही, चौथा क्रमांक.

"नशिबानं गेले," असं तेव्हाही म्हणता आलं असतं. तर्कशास्त्रात आम्ही आवश्यक अट आणि पर्याप्त अट यांत फरक करतो. हंगेरीचं न येणं ही कदाचित आवश्यक अट असेल. ते आले असते तर आपण बहुधा हरलोच असतो. पण ती पर्याप्त अट नव्हे. पुढे चाल मिळाल्यानं ऑस्ट्रेलियाच्या जाळ्यात चार चेंडू जात नाहीत. आणि तो विजयही योगायोग म्हणावा, तर त्याच महिन्यात १२ तारखेला सिडनीत हेच दोन संघ पुन्हा भेटले. भारत ७, ऑस्ट्रेलिया १.

मला स्वतःला मात्र या सातपेक्षा युगोस्लाव्हियाचे आकडे जास्त बोलके वाटतात. चार वर्षांपूर्वी १-१०, आता १-४, तेही आधी आघाडी घेऊन. दोन्ही पराभवच. निकालाच्या वहीत दोन्हींपुढे एकच शब्द. पण मास्तरच्या वहीत हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडले, तर मधल्या चार वर्षांचं काम दिसतं.

रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. तेव्हा ते आजारी होते, पुढच्या वर्षी कर्करोगानं गेले. त्यांच्यावर 'मैदान' चित्रपट निघाला, तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. नेव्हिल डिसोझावर तसं काही निघालेलं नाही. मेलबर्नच्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणारे तिघं होते. त्यात एक युगोस्लाव्ह, एक बल्गेरियन, आणि तिसरा तो.