दारावरची थाप ते फोनची घंटा : साथ, घर आणि सोलापूर

१/ २५ मे २०२१. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केले, की राज्यातील १८ जिल्ह्यांत कोविड रुग्णांचे गृहविलगीकरण बंद होणार. त्या यादीत सोलापूर होते. सौम्य आजाराच्या रुग्णाला घरी ठेवावे की बाहेर न्यावे, हा वाद मात्र सव्वाशे वर्षांचा आहे. त्याविषयी हा धागा.

२/ १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत, साथरोग कायदा लागू झाला. पुण्यात रँडच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. रुग्ण इस्पितळात, कुटुंबीय छावणीत. भयापोटी लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

३/ त्या वेळी दूरध्वनी नव्हता असे नाही. मुंबईत १८८२ पासून टेलिफोन केंद्र होते. त्याही आधी, १८७९ मध्ये, लंडनच्या ‘लॅन्सेट’ने एका डॉक्टरची हकिकत छापली होती : मध्यरात्री त्याने फोनवरूनच बाळाचा खोकला ऐकला आणि घाबरण्याचे कारण नाही, असे सांगितले. पण सामान्यांच्या घरी फोन कुठला? रुग्णाची खबर घेण्याचा सरकारी मार्ग एकच, दार उघडायला लावणे.

४/ २०२० मध्ये चित्र पालटले. २७ एप्रिलला केंद्राने अतिसौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरी राहण्याची मुभा दिली. अटी अशा : घरात विलगीकरणाची सोय हवी, काळजी घेणारी व्यक्ती हवी. जुलैच्या सूचनांत पथकाच्या भेटींबरोबर कॉल सेंटरवरून रोज विचारपूस करण्याची तरतूद होती.

५/ नुसते ‘बरे वाटते का?’ विचारून मात्र भागत नव्हते. कोविडमध्ये धाप न लागताही रक्तातील प्राणवायू घटू शकतो. म्हणून ऑक्सिमीटरवरचा आकडा महत्त्वाचा. तो ९५ च्या खाली गेला, की तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी, असा जुलैच्या सूचनांचा दंडक होता.

६/ आता सोलापूर पाहा. १२ एप्रिल २०२० रोजी येथे पहिला रुग्ण नोंदला गेला. हे यंत्रमागांचे आणि विडी कामगारांचे शहर. हजारो स्त्रिया घरीच विड्या वळतात. जिथे चूल, अंथरूण आणि विड्यांचे सूप एकाच खोलीत, तिथे रुग्णासाठी वेगळी खोली आणायची कोठून? फोनवरचा आवाज प्रकृती विचारू शकतो. घरात भिंत उभारू शकत नाही.

७/ २०२१ च्या निर्णयामागे हेच भय होते : घरी असलेले रुग्ण नियम पाळत नाहीत, कुटुंबात संसर्ग पसरतो. म्हणून त्यांनी कोविड केंद्रात जावे.

८/ गंमत पाहा. त्यानंतर पाचच दिवसांनी, ३० मे रोजी, मुख्यमंत्र्यांनी ज्या गावांचे कौतुक केले, त्यांत याच जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याचे घाटणे होते. तरुण सरपंच ऋतुराज देशमुख यांच्या पुढाकाराने तेथे कुटुंबांची चाचणी, ताप व प्राणवायूची मोजणी आणि लसीकरण यांवर भर दिला गेला. माहितीच्या माणसासाठी दार आपणहून उघडते.

९/ १८९७ मध्ये शासन घरात शिरले, पण विश्वास बाहेरच राहिला. २०२० मध्ये फोनमुळे उंबरठा न ओलांडता विचारपूस शक्य झाली. पण त्या सोयीचा लाभ ज्यांच्या घरी एक खोली जास्त होती, त्यांनाच पुरता मिळाला. पुढच्या साथीची तयारी करताना फोन क्रमांकांच्या यादीसोबत घरांतील खोल्यांचीही मोजदाद ठेवावी लागेल.