हवाई फवारणी आणि उड्डाणसमयीचे अपघात : केळशीच्या भूरचनेवरून एक विचार

पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानांचे उड्डाणसमयीचे अपघात हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. अशा विमानाचे नाव काढताच शेतावरून अगदी खालून जाणारे, विजेच्या तारा चुकविणारे विमान डोळ्यांपुढे येते. परंतु धोक्याचा आरंभ त्यापूर्वीच, जमीन सोडताना होतो. हा धोका कशातून उत्पन्न झाला, त्यावर कोणते उपाय निघाले आणि त्या उपायांनी तो नाहीसा झाला की केवळ एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेला, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

उड्डाणाचा प्रश्न हा प्रथम भूमीचा प्रश्न आहे. म्हणून दापोली तालुक्यातील केळशीचे उदाहरण समोर ठेवू. भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या ह्या गावाच्या पुढे समुद्र, पुळण आणि वाळूची प्रसिद्ध टेकडी. लगत नारळी-पोफळीच्या वाड्या. मागे जांभ्या दगडाचे डोंगर व त्यांच्या उतारांवर आंबा-काजू. मोहोरावर तुडतुडे पडले की औषध हवे ते उतारावरील झाडांना, आणि विमानाला धावावयास हवी ती सलग, कठीण, सपाट जमीन. ह्या दोन गोष्टी येथे एकत्र मिळत नाहीत. पुळणीवरून विमान उडविण्याची कल्पना केली, तरी मऊ वाळू त्याची धाव लांबविते आणि उंच माड वळणाच्या आड येतात.

विमानातून कीटकनाशक टाकण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी ह्यांनी एका लष्करी विमानातून कॅटाल्पा वृक्षांवरील अळ्यांवर शिशाच्या आर्सेनेटाची धुरळणी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रीस निघालेली शिकाऊ वैमानिकांची विमाने टाक्या बसवून ह्या कामी जुंपली गेली. ती मुळात भार वाहण्यासाठी बनविलेली नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

प्रवासी विमान एका प्रवासात एकदाच उडते. फवारणीचे विमान टाकी भरून दिवसातून अनेक वेळा उडते, आणि प्रत्येक वेळी ते अधिकात अधिक जड असते. हलक्या विमानांविषयीचा व्यावहारिक अंदाज असा की, वजन १० टक्के वाढले की उड्डाणास लागणारे अंतर सुमारे २० टक्के वाढते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की सुमारे १० टक्के. फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून टाकी काठोकाठ भरावी, हा मोह अर्थशास्त्राचा आहे. त्याचे फळ मात्र वैमानिकाच्या पदरी पडते.

धावपट्टीपलीकडील अडथळा हे आणखी एक कारण. त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण फवारणीच्या नव्हे, प्रवासी विमानाचे आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादेहून उडणारे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान धावपट्टीलगतच्या बीड रस्त्यावरील, कापसाच्या गाठी भरलेल्या मालमोटारीस धडकले. ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच रस्त्यावरील वाहतूक न रोखल्याचा दोषही नोंदविला गेला. सारांश, उड्डाणाचा अपघात हा एकट्या वैमानिकाचा प्रमाद क्वचितच असतो.

उपाय दोन दिशांनी झाले. पहिला, संकटसमयी टाकीतील भार क्षणात खाली सोडून देण्याची सोय. दुसरा, विमान पडले तरी माणूस वाचावा अशी रचना. फ्रेड वाइक ह्यांचे १९५० साली उडालेले ‘एजी-१’ हे विमान ह्या दुसऱ्या विचाराचे फलित होय : उंच आसन, मजबूत पट्टे आणि आघात शोषणारी पुढील बाजू. भारतात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने खास कृषिकार्यासाठी ‘बसंत’ हे विमान तयार केले. त्याची सुधारलेली आवृत्ती १९७२ साली उडाली.

डोंगराळ किनाऱ्यावर मात्र हेलिकॉप्टरने धावपट्टीचा प्रश्नच मिटविला. केळशीप्रमाणेच जांभ्याच्या टेकड्या आणि काजू असलेल्या केरळातील कासरगोड भागात सरकारी काजूमळ्यांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जाई. वर्षानुवर्षे चाललेली ही फवारणी २००० साली थांबली. तोवर मळ्यांखालच्या वस्त्यांतून गंभीर व्याधींच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या औषधावर देशभर बंदी घातली. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीची सूचना जनतेस किमान २४ तास आधी देण्याचे बंधन होते. उताराखालची विहीर आणि ओढा ह्यांना त्या सूचनेचा काय उपयोग?

आता ड्रोन आले आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. त्याला धावपट्टी नको, आणि त्यात वैमानिकही बसत नाही. केळशीसारख्या भूमीला हे साधन सोयीचे वाटेल, ह्यात नवल नाही. परंतु वरील इतिहासाचा निष्कर्ष असा की, उड्डाणाचा धोका कमी झाला म्हणजे फवारणीचा धोका संपला असे होत नाही. तो कोणाच्या वाट्यास गेला, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते. विमान कोसळले तर त्याची नोंद होते, चौकशी बसते. वाऱ्याने वाडीत उतरलेल्या औषधाची नोंद ठेवणारा कोणी आहे काय, हा प्रश्न कृषिशास्त्राइतकाच इतिहासाच्या अभ्यासकांचाही आहे.