‘चंद्रकांता’साठी लोक खरोखर हिंदी शिकले का?

१९९४ साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ सुरू झाली, तेव्हा या धाग्यावरचे बहुतेक वाचक जन्मलेही नव्हते. मीही नव्हतो. परंतु रविवारची सकाळ, ‘यक्कू’ म्हणत भुवया उंचावणारा क्रूरसिंह आणि शेजारपाजारच्यांनी भरलेली बैठकीची खोली, ही आठवण आपल्या आईवडिलांपैकी कुणी ना कुणी ऐकवलेली असतेच. त्या मालिकेच्या मागे शंभर वर्षे जुनी एक कादंबरी आहे आणि त्या कादंबरीच्या मागे एक विधान आहे. ते आपण इतक्या वेळा ऐकतो की तपासण्याचे भान उरत नाही: ‘चंद्रकांता वाचण्यासाठी लाखो लोक हिंदी शिकले.’

हे विधान खरे आहे का? आणि खरे असेल, तर नेमक्या कोणत्या अर्थाने?

प्रथम लेखकाविषयी. देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ मध्ये बिहारमधील पूसा येथे, आजोळी झाला. आरंभीचे शिक्षण उर्दू-फारसीचे. हिंदी आणि संस्कृत त्यांनी पुढे काशीस आल्यावर आत्मसात केली. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे तो कामी येणार आहे. काशीनरेशांच्या कृपेने त्यांना चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. ठेकेदारी करताना विंध्याच्या त्या डोंगररानांत पडक्या गढ्या, भुयारे, दऱ्याखोरी त्यांनी पायांखाली घातली. पुढे ठेका सुटला, पण रान डोक्यातून सुटले नाही. १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’चे भाग काशीतून छापून बाहेर पडू लागले. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, चुनारचा राजा शिवदत्त: माणसे कल्पित, स्थळे मात्र खरी. नौगढ, विजयगढ आणि चुनार आजही नकाशावर सापडतात.

कथानक येथे सांगत बसत नाही. ‘ऐयार’ कोण, एवढे मात्र सांगावे लागेल. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर, बहुरूपी आणि कसबी फसवणारा, तिन्ही एकत्र. त्याच्या कमरेच्या बटव्यात शत्रूला बेशुद्ध करणारी पूड असते आणि शुद्धीवर आणणारा ‘लखलखा’ही. ‘तिलिस्म’ म्हणजे गुप्त खजिन्याभोवती रचलेली, ठरावीक माणसाच्याच हातून उलगडणारी गूढ वास्तू. या दोन्ही कल्पना खत्रींच्या स्वतःच्या नव्हेत. उर्दू दास्तानांत त्या शतकभर नांदत होत्या, आणि लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे प्रचंड खंड छापण्यास प्रारंभ केला होता. खत्रींनी त्यात एक मूलभूत बदल केला. त्यांनी जादू काढून टाकली. त्यांच्या तिलिस्मात दार उघडते ते मंत्राने नव्हे, दडवलेल्या कळीने. पुतळा हलतो तो यंत्राने. माणूस मूर्च्छित पडतो तो औषधी चूर्णाने. चमत्कार आहे, पण त्याला कारण आहे. आगगाडी आणि तारायंत्र नुकतेच पाहिलेल्या पिढीला हे किती भुरळ घालणारे वाटले असेल, याची कल्पना करून पाहावी.

खप वाढला तशी खत्रींनी दुसरी महत्त्वाची गोष्ट केली. १८९८ मध्ये काशीत त्यांनी स्वतःचा ‘लहरी प्रेस’ काढला. लेखक तेच, प्रकाशक तेच, छापखान्याचे मालकही तेच. कोणा संस्थानिकाचा आश्रय नाही, शाळाखात्याची मंजुरी नाही, पाठ्यपुस्तकाचा आधार नाही. ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग असे वाचकांच्या पैशावर चालले. नवा भाग छापून होण्याआधीच लोक छापखान्याच्या दाराशी थांबत, असे काशीत सांगितले जाते. ही दंतकथा मानली तरी हरकत नाही. दंतकथाही कोणाविषयी तयार व्हावी, याला काही कारण लागते.

आता मूळ विधानाकडे. त्याचा सर्वांत वजनदार साक्षीदार म्हणजे आचार्य रामचंद्र शुक्ल. १९२९ च्या आपल्या ‘हिंदी साहित्य का इतिहास’ या ग्रंथात त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे की, जितके वाचक खत्रींनी निर्माण केले तितके दुसऱ्या कोणत्याही ग्रंथकाराने केले नाहीत, आणि उर्दूवर अवलंबून असलेले कितीतरी लोक ‘चंद्रकांता’साठी हिंदी शिकले. गंमत अशी की शुक्ल हे खत्रींचे चाहते नव्हेत. त्याच ग्रंथात ते या कादंबऱ्यांना शुद्ध साहित्याच्या कोटीत बसवण्यास नकार देतात. ज्याला कौतुक करण्याचे प्रयोजन नाही त्याची साक्ष अधिक मोलाची, हे साधनचिकित्सेच्या पहिल्याच तासाला शिकवतात. त्यामुळे घटना घडली, याबद्दल मला शंका वाटत नाही.

पण ‘हिंदी शिकले’ म्हणजे काय शिकले?

शुक्लच आणखी एक गोष्ट सांगतात: खत्रींची भाषा साहित्यिक हिंदी नव्हे, ती ‘हिंदुस्तानी’ आहे. म्हणजे बाजारात, कचेरीत, घरात बोलली जाणारी सोपी भाषा. लखनौ किंवा काशीच्या उर्दू शिकलेल्या कारकुनाला ती कानाने ऐकताना शिकण्यासारखे फारसे काही नव्हतेच. अडसर होता तो डोळ्यांना. पुस्तक नागरी लिपीत होते आणि त्याला फारसी लिपी येत होती. तेव्हा तो जे शिकला ती मुख्यतः नवी भाषा नव्हे, नवी लिपी होय. पूर्व भागात कैथी लिहिणाऱ्यांचीही मोठी संख्या होती; त्यांनाही छापील नागरी सरावाने वाचावी लागे. मराठी माणसाला हे चटकन उमगावे. आपल्याकडे दप्तर मोडीत चाले आणि छापील पुस्तक बाळबोधीत. मोडीत हिशेब लिहिणारा पणजोबा छापील पोथीपुढे अडखळला, तर त्याला मराठी येत नव्हती असे आपण म्हणणार नाही.

लिपी शिकायला काही महिने पुरतात, आणि त्यासाठी मोठे कारण लागत नाही. पुढच्या भागाची ओढ पुरेशी असते. स्वतः खत्रीही उर्दू-फारसीतून नागरीकडे आलेले होते. आपला वाचक कोठे अडतो हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक असावे, आणि भाषा मुद्दाम सोपी ठेवण्यामागे तेच असावे, असा माझा तर्क आहे.

मग ‘लाखो’ हा आकडा? १९०१ च्या जनगणनेत साऱ्या हिंदुस्थानात साक्षर होते जेमतेम पाच टक्के, आणि संयुक्त प्रांत त्याहूनही मागे. अशा प्रदेशात एका पुस्तकासाठी लाखोंनी लिपी गिरवली, हे पटण्याजोगे नाही. मात्र त्या काळी पुस्तक एकट्याने मनात वाचण्याची वस्तू नव्हती. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, ही रीत दास्तानगोईपासून मुरलेली होती. म्हणून वाचकांपेक्षा श्रोते कितीतरी अधिक असणार. ‘चंद्रकांता माहीत असलेले’ आणि ‘चंद्रकांतेसाठी लिपी शिकलेले’ हे दोन आकडे लोकस्मृतीत एकमेकांत मिसळले, आणि विधान फुगत गेले.

सगळेच नागरीकडे वळले असेही नव्हे. प्रेमचंदांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की तेराव्या वर्षी, गोरखपुरात, ते ‘तिलिस्म-ए-होशरुबा’च्या नादी लागले होते. एका पुस्तकविक्रेत्याची मार्गदर्शके शाळेत विकून द्यायची आणि मोबदल्यात कादंबऱ्या घरी न्यायच्या, असा त्यांचा व्यवहार होता. हा १८९३ च्या आसपासचा काळ; म्हणजे ‘चंद्रकांता’ बाहेर पडलेली असताना, तिच्याच प्रांतातला एक पुस्तकवेडा मुलगा तिलिस्म वाचत होता तो उर्दूत. पुढे हाच मुलगा हिंदीचा सर्वांत मोठा कादंबरीकार झाला.

या साऱ्याला एक राजकीय संदर्भही आहे. १८९३ मध्ये काशीतच नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. १८९८ मध्ये, म्हणजे लहरी प्रेस निघाला त्याच वर्षी, मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने नागरीच्या बाजूने निवेदन सरकारला सादर झाले, आणि एप्रिल १९०० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर मॅकडोनेल यांनी कचेऱ्यांत नागरीला मुभा देणारा हुकूम काढला. लिपीचा वाद असा तापलेला असताना लोक आपखुशीने नागरी शिकत आहेत, ही बातमी चळवळीला किती उपयोगी होती! त्यामुळे विधान पुनःपुन्हा सांगितले गेले. विचित्र असे की ज्या हिंदीप्रेमी पंडितांना खत्रींचे वाचक हवे होते, त्यांना खत्री मात्र साहित्यिक म्हणून नको होते. आपल्याकडे लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या वाट्याला पुढच्या वास्तववादी समीक्षेने फार वेगळे काही दिले नाही. अद्भुताला वाचक मिळतो, मान मिळत नाही.

खत्रींना या टीकेची जाणीव होती. ‘संतति’च्या अखेरीस ते वाचकांशी थेट बोलतात. पुस्तकाचा इतका प्रसार होईल असे आरंभी वाटले नव्हते, ते केवळ मनोरंजनासाठी लिहिले होते, लोकांचा लोभ पाहून आपलाही लोभ वाढला, असे त्यांनी तेथे म्हटले आहे. ‘असंभव’ म्हणून नावे ठेवणाऱ्यांनाही त्यांनी तेथे उत्तर दिले आहे.

‘संतति’तील भूतनाथ हा ऐयार, धड खल नाही आणि धड नायकही नाही, वाचकांच्या मनात एवढा घर करून बसला की त्याचे चरित्र स्वतंत्रपणे लिहिण्यास खत्रींनी घेतले. सहा भाग झाले आणि १ ऑगस्ट १९१३ रोजी ते निवर्तले. उरलेले १५ भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून पुरे केले.