खरखरीचे मूळ

२०२० सालच्या जून महिन्यात आमची शाळा माझ्या घरी आली. महामारीमुळे वर्गांना कुलपे लागली होती. ज्या टेबलावर बसून मी कादंबऱ्या लिहितो, त्याच टेबलावर संगणक मांडून मी सातवीच्या मुलांना मराठी शिकवू लागलो. डोक्याला हेडफोन, त्याच्या एका कानाशी बसवलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला वाटाण्याएवढा माईक, असा माझा अवतार पाहून आमच्या सौभाग्यवतींनी पदर तोंडाला लावला. मी मात्र गंभीर होतो. पहिलाच धडा मोठ्या उमाळ्याने वाचून दाखवला आणि "कसं वाटलं?" म्हणून विचारले. क्षणभर कोणीच बोलेना. मग एक पोरगी म्हणाली, "सर, तुमच्याकडं पाऊस पडतोय का?"

बाहेर लख्ख ऊन होते. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या दिवशी पावसाचा थेंबही नव्हता. पाऊस पडत होता तो माझ्या माईकात! एकसारखी खरखर, आणि तिच्याखाली भुंगा गुणगुणावा तसा घूंऽऽ असा आवाज. मुलांना माझ्या शब्दांच्या आधी तोच ऐकू येई.

माझे पुस्तकी शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. विजेच्या उपकरणाशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. मी माईकवर फुंकर मारली, रुमालाने पुसला, वायर झटकली. मास्तर बिघडलेल्या वस्तूशी बिघडलेल्या मुलासारखा वागतो, तसाच वागलो. शेवटी पडद्याच्या कडेला लिहून बोलण्याची जी सोय असते, तिथे एका मुलाने चार शब्द पाठवले : "सर चार्जर काढून बघा." मी चार्जर काढला. भुंगा तत्काळ उडून गेला! खाली त्याने आणखी एक ओळ लिहिली होती : "मोटर चालू आसली की आमच्या फोनमधी पण आसंच होतं."

मी त्याला शाबासकी दिली आणि धडा पुढे चालू केला. कसली मोटर, हे मी विचारले नाही. वाचकहो, ही गोष्ट लक्षात असू द्या. तिच्याकडे मला परत यायचे आहे.

त्या दिवसापासून मला या खरखरीचा नाद लागला. ती येते कुठून, हे शोधता शोधता मी दीडशे वर्षे मागे गेलो.

माईकचा जन्मच मुळी खरखरीच्या पोटी झाला आहे. ग्रॅहॅम बेलने १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेतले, पण त्याच्या यंत्रात आवाज फार क्षीण निघे. १८७८ साली लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज या संशोधकाच्या ध्यानात आले, की दोन वस्तू एकमेकींना सैलसर टेकलेल्या असल्या आणि त्यांतून वीज वाहत असली, तर जवळच्या आवाजाने तो स्पर्श घट्ट-सैल होतो आणि वीज त्या आवाजाच्या तालावर कमीजास्त होते. त्याचा एक प्रयोग तर नुसत्या तीन खिळ्यांचा होता! माशीच्या पावलांचा आवाजही आपल्या यंत्रात ऐकू येतो, असे तो सांगे. त्याच वर्षी हेन्री हनिंग्ज या इंग्रज पाद्र्याने डबीत कोळशाचे कण भरून त्यावर पातळ पडदा बसवला. पुढे कित्येक दशके जगाचे टेलिफोन याच कल्पनेवर बोलत राहिले.

पण कोळशाच्या त्या असंख्य कणांतून जाताना वीज स्वतःही कुरकुरते. हवा दमट झाली की कण एकमेकांना चिकटून बसतात. जुना काळा टेलिफोन तळहातावर आपटून मगच "हॅलो" म्हणणारे काकामामा ज्यांनी पाहिले असतील, त्यांना आता कळेल, की तो राग नव्हता, ती दुरुस्ती होती. आपटल्याने कण मोकळे होत.

दुसरी खरखर वाटेत मिळे. सुरुवातीला टेलिफोनला एकच तार असे. विजेची परतीची वाट जमिनीतून. साहजिकच शेजारच्या तारायंत्राची टकटक आणि पुढे विजेच्या ट्रामगाड्यांची घरघर आयती टेलिफोनात शिरे. तोडगा निघाला तो असा : एका तारेऐवजी दोन घ्याव्या आणि वेणीसारखा त्यांना पीळ द्यावा. म्हणजे बाहेरचा उपद्रव दोघींना सारखाच पोचतो आणि शेवटी एकीचा दुसरीतून वजा होतो. पिळलेल्या जोडीचे पेटंट बेलने १८८१ साली घेतले. आज इंटरनेटची केबल सोलून पाहिली, तर आत अशाच पिळलेल्या जोड्या दिसतात.

माझ्या घरातला भुंगा याच जातीचा. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी कोळशाला रजा देणारा एक माईक तयार केला. त्यात कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. तो स्वस्त आणि चिमुकला, म्हणून हेडफोनच्या दांडीवर बसला. पण त्याची कुजबुज इतकी नाजूक, की तिला जागेवरच मोठे करावे लागते आणि त्यासाठी लागणारी वीज संगणकाकडून येते. संगणकाच्या विजेत घाण असली, की ती माईकात उतरते. आमच्या घरच्या प्लगला तीन पिना आहेत, पण तिसरीची तार जमिनीपर्यंत गेलेलीच नाही, हे मला वायरमनने सांगितले. चार्जरमधून गळणाऱ्या विजेला जायला वाट नव्हती, म्हणून ती माझ्या धड्यात शिरली.

भुंगा गेला, तरी पाऊस उरला होता. त्याचा उपाय सोपा निघाला. माईक मी हनुवटीच्या खाली ठेवत होतो आणि आवाज पोचावा म्हणून संगणकात त्याची धार पूर्ण वाढवून ठेवली होती. धार वाढवली की शब्द वाढतात, तशी खरखरही वाढते. माईक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर, पण श्वासाच्या वाटेतून बाजूला घेतला आणि धार निम्मी केली. अंतर निम्मे झाले की आवाजाची शक्ती चौपट पोचते. मागची खरखर मात्र होती तेवढीच राहते. शिवाय मी बोलायचा थांबलो की संगणक आपण होऊन धार वाढवी, ती सोय बंद केली. पाऊस जवळजवळ ओसरला.

जवळजवळ म्हणतो, कारण तो पुरता कधीच जात नाही. बेलच्याच प्रयोगशाळेतल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघा मूळच्या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९२८ साली दाखवून दिले, की ज्या तारेत उष्णता आहे तिच्यातले विद्युत्कण थरथरत असतात आणि त्या थरथरीचा आवाज असतोच. ऊब आहे तिथे कुजबुज आहे. संपूर्ण शांतता ही फक्त संपूर्ण थंडीत मिळायची!

आता या इतिहासातला माझा आवडता माणूस. त्याचे नाव कार्ल जान्स्की. १९२७ साली अटलांटिक समुद्रापलीकडे बिनतारी टेलिफोनने बोलण्याची सोय झाली. तीन मिनिटांना पंचाहत्तर डॉलर! एवढे पैसे मोजून माणसाला खरखर ऐकू आली तर तो चिडणारच. ही खरखर कुठून येते ते शोधण्याचे काम बेल प्रयोगशाळेने या विशीतल्या तरुणावर सोपवले. न्यू जर्सीतल्या होमडेल गावी त्याने सुमारे तीस मीटर लांबीचा एक सांगाडा उभारला आणि त्याला फोर्ड मोटारीची चार चाके लावली. हे धूड वीस मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेई. सहकारी त्याला जत्रेतला घोड्यांचा पाळणा म्हणून हसत.

जान्स्कीने खरखरीची वर्गवारी केली. एक जवळच्या वादळांची, दुसरी दूरच्या वादळांची, आणि तिसरी एक मंद, एकसारखी सूंऽऽ. ही तिसरी कसली ते कळेना. तिने बोलण्यात फारसा व्यत्यय येत नव्हता. दुसरा कोणी असता तर "किरकोळ" असा शेरा मारून फाईल मिटता. जान्स्की ऐकत राहिला. आधी त्याला वाटले, ती सूर्याकडून येते. पण तिची वेळ रोज चार मिनिटांनी अलीकडे सरकत होती. हा हिशेब आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. रात्री पाण्याला जाणारा माणूस जाणतो, की नक्षत्र रोज थोडे लवकर उगवते. महिनाभरात दोन तासांनी. म्हणजे खरखर सूर्याबरोबर नव्हे, ताऱ्यांबरोबर फिरत होती! ती येत होती धनु राशीच्या दिशेकडून, आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून. ५ मे १९३३ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

पुढे काय झाले? जान्स्कीला मोठी तबकडी बांधून हे आवाज ऐकायचे होते. पण टेलिफोनचे काम झाले होते. त्याला दुसऱ्या कामाला लावण्यात आले. १९५० साली, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याने उघडलेल्या दारातून पुढे रेडिओ खगोलशास्त्र नावाचे आख्खे शास्त्र आत आले आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींचे माप आता त्याच्या नावाने मोजतात.

त्याच होमडेलमध्ये १९६४ साली पेन्झियास आणि विल्सन या दोघांना आपल्या कर्ण्यासारख्या मोठ्या अँटेनात एक खरखर सापडली. ती कुठेही वळवा, रात्र असो, दिवस असो, तेवढीच! त्यांनी सगळे सांधे तपासले. कर्ण्यात कबुतरांचे जोडपे राहत होते. त्यांची विष्ठा खरवडून काढली. कबुतरे दूर नेऊन सोडली, ती परत आली. शेवटी बिचाऱ्यांना गोळी घालावी लागली. खरखर तशीच. ती होती विश्वाच्या जन्मवेळच्या उष्णतेची उरलेली ऊब. १९७८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण त्याचा धागा आमच्या तालुक्यात येऊन पोचतो. नारायणगावजवळच्या खोडद गावी गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने तीस प्रचंड तबकड्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांतून त्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या दिसतात. त्या इथेच का? एक कारण असे, की डोंगरांनी वेढलेल्या या भागात माणसाने केलेली रेडिओची खरखर कमी होती. जान्स्कीला जे ऐकायचे होते, ते इथे ऐकतात. कित्येक वर्षे मी त्या तबकड्यांशेजारून ये-जा केली, पण त्या कान आहेत हे मला हेडफोनच्या खरखरीने कळले.

आता त्या मुलाकडे येतो.

माझा माईक स्वच्छ झाला, तेव्हा मुलांचे माईक मला टोचू लागले. कोणाकडे कुकरची शिट्टी, कोणाकडे कोंबडा, कोणाकडे भांडण. माणसाचा कान हुशार असतो. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रयोगांनी दाखवले, की दोन्ही कानांवर दोन वेगळी बोलणी पडत असली तरी माणूस हवे ते एक वेचून ऐकू शकतो. लग्नाच्या पंगतीतही आपले नाव आपल्याला ऐकू येते ते या कसबामुळे. माईकला हे कसब नाही. तो सगळे सारख्याच निष्ठेने पोचवतो.

सगळ्यात जास्त आवाज त्या चार्जरवाल्या मुलाकडून येई. घर्रर्र, ठकठक, पट्ट्याची फटफट. मी रोज हजेरी झाली की म्हणे, "बाळ, तुझा माईक बंद कर." तो निमूटपणे बंद करी. त्याच्यामुळे वर्ग शांत झाला म्हणून मी मनात समाधान पावे. सात महिने मी त्याला बंद ठेवले.

जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरले. तो आला नाही. आठवड्याने मी चौकशीला गेलो. तो शेजारच्या वाडीतल्या पिठाच्या गिरणीत होता. वडिलांचे मुंबईतले काम मार्चमध्येच सुटले होते. तेव्हापासून हा पोरगा गिरणीवर दळण घेत होता. एका कानात माझा धडा, पुढ्यात दुसऱ्याचे जोंधळे. भुवयांवर पीठ. मला पाहून त्याने आधी मोटर बंद केली.

सात महिने ती गिरणी रोज माझ्या कानात ओरडून सांगत होती, की हा मुलगा कुठे आहे. त्याने स्वतः लिहूनही सांगितले होते : मोटर. जान्स्कीने जी खरखर कोणाला त्रास देत नव्हती तिचाही माग काढला. मी त्रास देणारीचाही काढला नाही. माझ्यापाशी बटण होते.

सातवीनंतर त्याचे नाव पटावरून गेले. मी मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही. रात्री गिरणी थांबली की तो माझ्याकडे येई. सतरा नंबरचा फॉर्म भरून २०२४ च्या मार्चमध्ये तो बाहेरून दहावीला बसला. गणित राहिले, ते पुरवणी परीक्षेत सुटले. आता गिरणी सांभाळून तो आय.टी.आय.ची खटपट करतो आहे. विषय अर्थातच वीज.

परवा दिवाळीच्या भाजणीचे दळण घेऊन मी त्याच्याकडे गेलो. गिरणी घरघरत होती. मी काहीतरी विचारले, ते त्याला ऐकू गेले नाही. त्याने हसून मोटारीच्या खटक्याकडे हात नेला आणि ओरडून विचारले, "बंद करू का, सर?"

मी म्हटले, "राहू दे. मीच जवळ येतो."