मण, शेर ते किलोग्रॅम : भारतातील वजनमापांच्या एकीकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वजनमापे हा आर्थिक इतिहासातील काहीसा दुर्लक्षित विषय आहे. वस्तुतः माप कोणाचे आणि ते कोणी ठरविले, या प्रश्नाशी शेतकरी व ग्राहक यांचे हित थेट निगडित असते. प्रस्तुत लेखात ब्रिटिश काळापासून दशमान पद्धतीच्या स्वीकारापर्यंतच्या वाटचालीचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

एक नाव, अनेक मापे :
तोळा, शेर, मण व खंडी ही नावे देशाच्या मोठ्या भागात प्रचलित होती; मात्र त्यांचे मूल्य प्रदेशागणिक बदलत असे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा होता, तर मद्रासचा २५ पौंडांचा. बंगालचा बाजारी मण ८२ पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होता. मुंबई व बंगालच्या मणांत जवळजवळ तिपटीचे अंतर होते. त्यातच महाराष्ट्रात धान्य पायली, अधोली अशा आकारमानाच्या मापांनी मोजले जाई. माप शिगोशीग भरले की सपाट, यावरही देणाऱ्या-घेणाऱ्याचा नफा-तोटा अवलंबून असे. अशा व्यवहारात मापाचे ज्ञान ज्याच्याकडे, त्याच्याच हाती सत्ता राहणे स्वाभाविक होते.

एकीकरणाचे प्रयत्न :
१८३३ मध्ये बंगालमध्ये १८० ग्रेनचा तोळा प्रमाण मानण्यात आला. ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण ही श्रेणी त्यावरच उभी राहिली. १८७१ च्या कायद्याने तर एक किलोग्रॅमइतका 'शेर' प्रमाण ठरविला. परंतु तो कायदा प्रत्यक्षात अमलात आला नाही. १९३९ च्या कायद्याने तोळा, शेर व मण यांना पुन्हा प्रमाणित रूप दिले. तथापि कागदावरील प्रमाण आणि बाजारातील प्रमाण यांतील दरी कायम राहिली.

दशमान पद्धतीचा स्वीकार :
स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ चा वजन व मापे प्रमाण कायदा संमत झाला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि एप्रिल १९६२ पासून तो सक्तीचा झाला. किलोग्रॅमच्या आंतरराष्ट्रीय मूळ प्रतिमानाची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. १८७१ च्या तुलनेत या वेळी कायद्यास संक्रमणकाळाची व अंमलबजावणीची जोड होती, हा महत्त्वाचा फरक होय.

वजन आणि वस्तुमान :
येथे एक शास्त्रीय भेद ध्यानात घ्यावा लागतो. वस्तुमान म्हणजे पदार्थाचे परिमाण. वजन म्हणजे त्यावरील गुरुत्वाकर्षणाचा जोर. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो, तर ताणकाटा वजन दर्शवितो. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून मे २०१९ पासून त्याची व्याख्या धातूच्या ठोकळ्याऐवजी प्लांकच्या स्थिरांकावर आधारित आहे.

निष्कर्ष :
सराफ बाजारात आजही 'तोळा' हा शब्द रूढ आहे. मात्र व्यवहारात त्याचा अर्थ ११.६६ ऐवजी १० ग्रॅम असा होतो. जुने नाव टिकले, परंतु त्याचे मूल्य नव्या पद्धतीने ठरविले. मापांचे एकीकरण म्हणजे केवळ हिशेबाची सोय नव्हे. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते त्यालाही बाजारात तेच माप मिळावे, हा त्यामागील न्यायाचा विचार होता. म्हणूनच या विषयाचा अभ्यास सामाजिक इतिहासाचा भाग मानला पाहिजे.