स्कोलिओसिस आणि फिजिओथेरपी

पाठीच्या कण्याला कुशीकडे बाक येतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती पिळले जातात, त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन (कॉबचा कोन) किमान १० अंश भरला तरच हे निदान होते. किशोरवयातल्या शंभरांपैकी दोन-तीन मुलांत तो आढळतो. बहुतेकांत कारण सापडत नाही. बाक वाढत जाणाऱ्यांत मुली कितीतरी जास्त. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये काढला तो योग्यच. पण कणा असा वाकतो त्यात दप्तराचा दोष नसतो.

सुरुवातीला फारसे दुखत नाही, म्हणून कळायला उशीर होतो. कोल्हापुरात राजारामपुरीच्या आकड्यांच्या गल्ल्यांत दवाखान्यांना तोटा नाही. तरी एक खांदा वर असल्याचे अनेकदा आधी लक्षात येते ते गणवेशाचे माप घेणाऱ्या शिंप्याच्या किंवा वेणी घालणाऱ्या आईच्या. तपासणी घरीही जमते. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून मुलीला पुढे वाकायला सांगावे आणि पाठ मागून पाहावी. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

फिजिओथेरपीतली सर्वांत नावाजलेली पद्धत एका रुग्णानेच घडवली. जर्मनीच्या कातारिना श्रोट (जन्म १८९४) यांना स्वतःला स्कोलिओसिस होता. दबलेल्या बाजूत श्वास भरून ती फुगवता येते का, हे त्यांनी आरशासमोर स्वतःवर करून पाहिले आणि १९२१ मध्ये माइसेन येथे उपचार सुरू केले. आजही मूळ क्रम तोच आहे. आधी कणा डोक्याच्या दिशेने ताणायचा, मग खोलगट भागात श्वास न्यायचा आणि सोडताना ती स्थिती स्नायू आवळून धरून ठेवायची. थेरपिस्टची बोटे त्या खोलगट बरगड्यांवर टेकलेली असतात. श्वास तिथे पोचला की ती उचलली जातात. भागवतातला कृष्ण कुब्जेची पावले दाबून, हनुवटीला बोटे लावून तिला सरळ करतो. तिथेही ताणच आहे, फक्त काम एका झटक्यात उरकते! इथे घरी रोज व्यायाम करावा लागतो, तोही ज्याच्या-त्याच्या बाकाप्रमाणे. मोबाइलवरच्या सरसकट व्हिडिओचा म्हणूनच उपयोग नाही.

बाक २५ ते ४० अंशांचा आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस, म्हणजे धडाभोवतीचे कडक प्लास्टिकचे कवच, लागतो. व्यायाम त्याच्या जोडीला असतात, त्याच्याऐवजी नव्हे. अमेरिका-कॅनडातल्या २०१३ च्या अभ्यासात ब्रेस घेणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाला १३ तासांहून अधिक वापरणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांवर गेले. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये कडक प्लास्टिक इतके तास अंगावर ठेवणे सोपे नाही. आत घट्ट सुती बनियन घालावे, घामेजले की बदलावे, कातडी लाल होते का ते रोज पाहावे.

दोन एक्स-रेंतला पाच अंशांपर्यंतचा फरक मोजण्यातलाच असू शकतो. त्यामुळे २२ चे १९ झाले म्हणून पेढे वाटू नयेत आणि २५ झाले म्हणून हबकूही नये. वाढ संपल्यावर ३० अंशांखालचा बाक सहसा तिथेच थांबतो. ५० अंश ओलांडलेला बाक मात्र पुढेही हळूहळू वाढतो, आणि तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.