वेळासच्या पुळणीचा कारभार
पेशवाईच्या दफ्तरावर ज्यांची हुकमत चालली त्या नाना फडणीसांच्या वेळास गावी, मंडणगड तालुक्यातील शांत पुळणीवर, मादी कासवाने वाळूत पुरलेली शंभर-सव्वाशे अंडी माणसे व कोल्ही उकरून नेत असत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने येथे संरक्षणास हात घातला, आणि तो मक्ता एकटीकडे न ठेवता ग्रामस्थ, ग्रामपंचायत व वनखाते यांना त्यात सामील करून घेतले. ही दूरदृष्टी मला अत्यंत मोलाची वाटते. पहाटे पुळण धुंडाळणारा गावकरी अंडी अलगद उचलून कुंपणातल्या, मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात ठेवतो, तारीख नोंदतो, आणि सुमारे पन्नास दिवसांनी वर झाकलेली टोपली उचलताच इवलेसे जीव ओल्या वाळूवरून लाटांकडे सरपटू लागतात. पुढे पिल्लांची ही समुद्राकडची वाटचाल दाखवणारा कासव महोत्सव गावात भरू लागला, तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाची व निवासाची तजवीज गावाने आपल्याच घरांतून केली.